चारशे बारा आणि सतरा नंबरची टॉर्च

"मिस्टर क्रॉफ्ट, तुमच्या पिक्चरमधली अवजारं शेवटी मोजली कुणी?"

प्रश्न माझाच होता, पण तो भर थेटरात माइकवरून विचारायची पैज माझ्या वर्गातल्या ओपल आणि ब्रिननं लावली होती. हरले तर आठवडाभर ब्रिनची शाळेची बॅग मी उचलायची, जिंकले तर उकडलेल्या शेंगांची मोठी पिशवी माझी. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा अशी पुटपुटायचे की बाई मला गैरहजर लावायच्या. या वर्षी वादविवादाच्या संघात घेतल्यापासून माझ्या तोंडाला कुलूपच राहिलेलं नाही, असं मॉमा म्हणते. म्हणून मी उठले, माइक घेतला आणि विचारलं.

आख्खं थेटर हसलं. हसणारच. आमच्या गावात दर तिसऱ्या घरातलं कुणीतरी लष्करी तळावर हेलिकॉप्टर उडवतं नाहीतर दुरुस्त करतं. 'पोलादी घार' बघायला आले होते ते सगळे हेच लोक. आणि त्या पिक्चरमध्ये काय होतं? मेकॅनिक शेवटचा नट आवळतो, पाना खांद्यावरून मागे भिरकावतो, आणि हिरो उडी मारून दहा सेकंदांत आकाशात! पाना गेला कुठे? इंजिनात? कुणाच्या डोक्यात? देव जाणे. तेव्हाच मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं होतं, "अरे, उचल तो आधी!"

दिग्दर्शक वेंडेल क्रॉफ्ट खास या खेळासाठी आमच्या गावात आले होते. त्यांनी डोकं खाजवलं. "खरं सांगू का पोरी, तो पाना प्लास्टिकचा होता. मोजायचं आमच्या लक्षातच आलं नाही."

पुन्हा हशा. ब्रिननं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मी ऐटीत वळून डॅडींकडे पाहिलं, कारण अवजारांच्या मोजणीबद्दल मला जे काही माहीत आहे ते त्यांच्याकडूनच. आमचे डॅडी, सार्जंट रॉस टॉलिव्हर, तळावरचे तपासनीस आहेत. त्यांच्याकडे एक छोटा गोल शिक्का आहे. दुरुस्त झालेल्या हेलिकॉप्टरच्या वहीवर तो उमटल्याशिवाय ते जमिनीवरून हलत नाही.

डॅडी हसत नव्हते. त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशावर होता. मग डाव्या खिशावर गेला. मग पँटीच्या दोन्ही खिशांवर. चेहरा असा उतरला, जणू कुणी आतून दिवा मालवला. ते उठले, रांगेतल्या लोकांचे पाय तुडवत बाहेर पडले, आणि दार त्यांच्यामागे धाडकन आपटलं.

माझी ऐट तिथेच विरली. मला वाटलं, माझी लाज वाटली त्यांना. पाहुण्याला चारचौघांत टोचून बोललेलं त्यांना खपत नाही. मी माइक दिला आणि मटकन खाली बसले. मांडीवर माझी वही होती. शाळेच्या पेपरासाठी परीक्षण लिहायचं होतं, संपादक ब्रिन, सोमवारपर्यंत पाचशे शब्द. अंधारात छोटी टॉर्च पेटवून मी दोन रकाने भरले होते. डावीकडे जमेच्या बाजू: आवाज (पंखा सुरू होताना बरगड्यांत घुमतो, अगदी खरा). दरीतून खालून उडताना गवतावर पुढे पळणारी सावली. सहवैमानिकाचा आवाज शांत आणि अंगठा थरथरणारा, हे फारच छान. उजवीकडे पडत्या बाजू: इंधन कधी संपतच नाही. उघड्या दारात बसून लोक कुजबुजतात आणि ऐकू येतं! खलनायकाचं हेलिकॉप्टर एका गोळीत फुटतं, हिरोच्या हेलिकॉप्टरची चाळण होते तरी ते उडतं. उडण्याआधी कुणी भोवती फेरी मारत नाही. अवजारं मोजत नाहीत. बायको खिडकीत उभी राहून वाट बघते, चार सेकंद, की लगेच तो परत.

"काय झालं यांना?" मॉमा कुजबुजली. "पोटबिट बिघडलं का? त्या शेंगा खाऊ नका म्हटलं होतं."

"मी बघून येते," मी म्हटलं. ओपलही माझ्याबरोबर उठली.

बाहेर तिकीट खिडकीत मिस क्लोटिल्ड बसल्या होत्या. त्यांच्या हातातला पंखा थांबलेला.

"मिस क्लोटिल्ड, डॅडी दिसले का तुम्हाला?"

"दिसले म्हणजे? माझा फोन ओढून घेतला ना त्यांनी! 'चारशे बारा खाली उतरवा' म्हणाले. 'आत्ता. जिथे असेल तिथे.' दोनदा म्हणाले. मग गाडी घेऊन सुसाट. थँक यूसुद्धा नाही. रॉस टॉलिव्हर असा कधी वागत नाही."

शेजारी उभ्या ओपलनं माझं मनगट धरलं.

"विनी," ती म्हणाली, "चारशे बारामध्ये माझी आई आहे."

ओपलची आई, मिस रेनेट, शिकाऊ वैमानिकांना उडायला शिकवते. आठवडाभर धुकं होतं, सगळी उड्डाणं रद्द झाली होती, म्हणून राहिलेले धडे शनिवारी उरकत होते. दुपारी दोनला ती दोन पोरांना घेऊन वर गेली होती. ओपलनंच सकाळी सांगितलं होतं, अगदी सहज, आई भाजी आणायला गेलीय असं सांगतात तसं.

"काही नसेल," मी म्हणाले.

"काही नसेल तर 'जिथे असेल तिथे' कशाला म्हणतील?"

आमच्या गावातल्या पोरींना याचा अर्थ शिकवावा लागत नाही. हेलिकॉप्टर परत बोलावतात तेव्हा काहीतरी किरकोळ असतं. जिथे असेल तिथे उतरवतात तेव्हा तळापर्यंत पोहोचेल याची कुणालाच खात्री नसते.

ओपलनं आईला फोन लावला. बंद. उडताना बंदच असतो, पण तरी लावला. पाच वेळा. मी डॅडींना लावला. तेही हँगरमध्ये शिरले की फोन कपाटात ठेवतात. मग आम्ही थेटरच्या पायरीवर बसलो आणि आकाशाकडे बघत राहिलो. नोव्हेंबरचं निळंशार आकाश, त्यात एक ढगसुद्धा नाही. एरवी शनिवारीसुद्धा कुठून ना कुठून घरघर येत असते, इतकी की आम्हाला ती ऐकूच येत नाही. त्या दिवशी मी कान ताणून ऐकत होते. आधी उत्तरेकडून एक आवाज आला, मग तो थांबला. मग दुसरा थांबला. एकेक करून सगळे थांबले. गाव इतकं शांत मी कधीच ऐकलं नव्हतं.

"सगळेच उतरवले," ओपल म्हणाली. नखं खाल्लेली बोटं तिनं गुडघ्यांत दाबून धरली होती. "विनी, काहीतरी बोल ना. या वर्षी तुझं तोंड बंद आहे ते आज पहिल्यांदाच."

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक गणिताच्या पेपरबद्दल. तोंडानं बोलत होते आणि मनात मिस रेनेटचा तो पिवळा स्वेटर येत होता, जो ती प्रत्येक सणाला घालते आणि आम्ही तिला केळं म्हणून चिडवतो. वीस मिनिटं गेली. पिक्चरमधली बायको चार सेकंद उभी होती. तिला बसवा म्हणावं या पायरीवर.

आणि ओपलचा फोन टुणकन वाजला.

तिनं वाचलं, आणि फोन छातीशी धरून आधी हसली, मग रडली, मग मला एक गुद्दा मारला. उगाचच. मी फोन हिसकावला.

"सुखरूप आहे. शेंगांच्या शेतात उतरलोय, शेत रिकामं आहे, शेतकरी गोड थंड चहा पाजतोय. टॉलिव्हरची टॉर्च हरवलीय, इंजिनाच्या झाकणाखाली राहिली असेल म्हणतात. शोधून होईपर्यंत इथेच. फ्रीजमधली भेंडी तळून खा."

"टॉर्च!" ओपल नाक पुसत म्हणाली. "काल तुझ्या डॅडींनी चारशे बारा तपासलं ना, तेव्हा आत राहिली असेल. आई गं. पंखा हलवणाऱ्या दांड्यांमध्ये अडकली असती तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. "देवानंच आठवण दिली त्यांना."

देवानं नाही. माझ्या प्रश्नानं, असं मी म्हणणार होते. तेवढा मोठेपणा घ्यायला मी तोंड उघडलंही होतं. आणि माझा हात आपोआप बॅगेत गेला, वहीच्या शेजारी, जिथे ती छोटी टॉर्च होती.

बोटांना तिचा गारवा लागला तेव्हाच मला कळलं. तरी मी ती बाहेर काढली. अंगठ्याएवढी, काळी. बुडाशी टोकदार खिळ्यानं कोरलेला आकडा, तळावरच्या प्रत्येक अवजारावर असतो तसा. सतरा.

काल संध्याकाळी कपडे धुवायच्या मशीनवर डॅडींचा शर्ट पडला होता. खिशात टॉर्च दिसली. उद्या अंधारात लिहायला बरी म्हणून घेतली. विचारलं नाही, बूडही बघितलं नाही. आमच्या घरात तळावरची एक वॉशरसुद्धा येत नाही, डॅडी बुटांचे तळवेसुद्धा बघून घरात येतात. म्हणून मला वाटलं, ही त्यांची स्वतःचीच असणार.

आणि त्याआधी? त्याआधी मी हँगरच्या फोनवर तीनदा फोन केला होता. तो फोन कामाचा आहे, मला माहीत आहे. पण आजच्या खेळाचे पास काल पाचपर्यंतच मिळणार होते, आणि ते डॅडींनीच आणायचे होते. "डॅडी, निघा ना! डॅडी, पावणेपाच झाले! डॅडी, प्लीज!" सुट्टी होताना दोन माणसांनी टूलबॉक्स उघडून फोममधली अवजाराची एकेक खाच डोळ्यांनी बघायची आणि दोघांनी सही करायची, अशी त्यांची रीत आहे. डॅडींनी बाकीच्या खाचा बघितल्या असतील. टॉर्च आपल्याच खिशात आहे, निघताना ठेवतो, असं म्हणून सही केली असेल. आणि मग चौथा फोन यायच्या आत धावत गाडीत बसले असतील.

पायरीच्या शेजारी कचऱ्याचा डबा होता. पॉपकॉर्नच्या पिशव्यांनी भरलेला. मी एक क्षण त्याच्याकडे बघितलं. टाकून दिली तर कुणाला काय कळणार? पण मग ती कधीच सापडणार नाही, आणि ती सापडेपर्यंत तिथे सगळी हेलिकॉप्टरं हाडापर्यंत उघडत बसतील. डॅडी तर झोपायचेसुद्धा नाहीत.

"ओपल," मी म्हणाले. "मला तळाच्या फाटकावर सोड."

"आता कशाला?"

मी मूठ उघडली.

तिनं टॉर्च पाहिली. आकडा वाचला. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं आधी कधीच बघितलं नव्हतं. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसतो.

"माझी आई," ती हळू म्हणाली, "दोन पोरांना घेऊन शेतात उतरली. तुझ्या परीक्षणासाठी?"

"हो."

"वीस मिनिटं मी इथे मेले."

"हो."

"बस गाडीत." तिनं बॅगेतून चावी काढली. "बोलू नकोस. आता बोललीस ना, तर मधेच उतरवीन."

मी बोलले नाही. मॉमाला तेवढा एक मेसेज केला. वाटेत दोन्ही बाजूंना शेंगा काढून झालेली लाल शेतं होती, आणि प्रत्येक शेतात मला मिस रेनेटचं हेलिकॉप्टर दिसत होतं. अर्ध्या वाटेवर ओपलच म्हणाली, "एक बरं आहे. टॉर्च आत नव्हती. म्हणजे आईला काहीच झालं नसतं." थोड्या वेळानं, "तरी मी तुझ्यावर चिडलेलीच आहे." मी मान हलवली.

फाटकावरच्या शिपायानं हँगरला फोन लावून दिला. दहा मिनिटांनी डॅडी आले, चालत. कोपरापर्यंत काळं तेल. कपाळावर झाकणाच्या कडेचा ओरखडा. मी जाळीच्या फटीतून टॉर्च पुढे केली.

त्यांनी ती घेतली. अंगठ्यानं आकडा पुसला आणि वाचला. मग बटण दाबलं. उजेड पडला. तो उजेड ते बघतच राहिले.

"कुठे होती?"

"तुमच्या शर्टात. काल. मी घेतली, पिक्चरमध्ये लिहायला. डॅडी, मला माहीत नव्हतं..."

मी ओरडण्याची वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की जाळीपलीकडे मला तो ऐकू आला.

"म्हणजे आत नाही," ते म्हणाले. "आत नाही ती. बरं." मग माझ्याकडे पाहिलं. "शर्टात होती म्हणजे या फाटकातून बाहेर मी नेली. तू नाही. कळलं?"

"पण मी तीन फोन..."

"विनी. आत अकरा माणसं झाकणं उघडून बसलीत. मला त्यांना घरी पाठवू दे." आणि वळले. दोन पावलं जाऊन थांबले. "ओपल, तुझी आई तासाभरात येईल. तिला म्हणावं, रॉसनं माफी मागितलीय. मी स्वतः येऊन सांगेनच."

"हो सर," ओपल म्हणाली.

डॅडी सात वाजता घरी आले. मॉमानं कोंबडी तळली होती, मक्याची भाकरी होती, पण कुणी धड खात नव्हतं. डॅडींच्या शर्टाच्या खिशाला एक छोटी साखळी असते, तिच्या टोकाला शिक्का लटकतो. साखळी होती. शिक्का नव्हता.

"घेतला?" मॉमानं विचारलं.

"लिफाफ्यात घालून दिला मीच. बुधवारी साहेब ठरवतील." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "पंधरा वर्षं झाली तो शिक्का घेऊन, लॉरीन. आणि मी न बघता सही केली."

"उतरवायला सांगितलंत ना तुम्ही? दुसरा कुणी गप्प बसला असता."

"उतरवायला सांगणं हे काम आहे. त्याची शाबासकी नसते."

मग मॉमानं हळूच विचारलं, "सोमवारी उभं राहायचं?"

"साडेसहाला."

तळावर ही रीत आहे. ज्याच्या हातून चूक होते तो सकाळच्या रांगेसमोर उभा राहतो आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. कुणी हसत नाही, कुणी मधे बोलत नाही. शेवटी सगळे मिळून 'ऐकलं' म्हणतात आणि कामाला लागतात. पुन्हा कुणाच्या हातून तीच चूक होऊ नये म्हणून. डॅडी म्हणतात, हे शिक्षेपेक्षा कठीण असतं, कारण सगळं सांगावं लागतं. थोडं वगळलं तर ऐकणाऱ्याला खरं कारण कळत नाही, आणि तो नेमका तिथेच घसरतो.

"काय सांगणार?" मी विचारलं.

"टॉर्च खिशात राहिली. मी न बघता सही केली. घरी नेली."

"आणि सही का घाईत केली?"

डॅडी माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाई होती. बास."

"कसली?"

"विनी, जेव," मॉमा म्हणाली.

"नाही, कसली घाई ते सांगणार का तुम्ही? हँगरच्या फोनवर मुलीनं तीनदा बोलावलं, हे सांगणार का?"

"तुझं नाव तिथे येणार नाही," डॅडी म्हणाले. "तो माझा टूलबॉक्स आहे. विषय संपला."

माझ्या वहीत ते दोन रकाने अजून तसेच होते. जेवायला बसायच्या आधी मी उजवा रकाना पुन्हा वाचला होता, 'अवजारं मोजत नाहीत', खाली दोन रेघा मारलेल्या, केवढ्या तोऱ्यात! आता पायांना घाम आला होता. पण दुपारी माइक हातात घेतला तेव्हाही आलाच होता.

मी खुर्ची मागे सरकवली आणि उभी राहिले. आमच्या घरात जेवताना कुणी असं उभं राहत नाही.

"विनिफ्रेड," मॉमानं पूर्ण नावानं हाक मारली. म्हणजे धोका.

"डॅडी, तुम्ही सांगाल त्यात एक खाच रिकामी राहील. तिथे तीन फोन होते, आणि तुमच्या खिशातून विचारल्याशिवाय घेतलेली टॉर्च होती. तिथे घरून फोन करणाऱ्या पोरी अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या बापांना हे कळायला नको?"

"शाळकरी पोरींना रांगेसमोर उभं करत नाहीत," डॅडी म्हणाले, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मग साहेबांना विचारा. नाही म्हणाले तर मी फाटकाबाहेर उभी राहून जाळीतून सांगेन, माझा आवाज आता पोहोचतो. ओपलला मी सांगितलंय, मिस रेनेटला उद्या चर्चनंतर सांगणार आहे. ब्रिनलाही कळवलंय की परीक्षण उशिरा येईल." मॉमाचा काटा हवेतच थांबला होता. "सोमवारी पहाटे साडेपाचला मी तुमच्याबरोबर गाडीत बसणार आहे. पहिल्या तासाला मला गैरहजर लावू देत."